हायड्रोजनच्या लाइनीवरून : रॉटरडॅम ते डुइसबुर्ग

मे महिन्यात नेदरलँड्सला जाऊन ट्यूलिपच्या बागेत पाऊलही न टाकता परतलेले मराठी प्रवासी बहुधा आम्ही दोघेच असू. माझी सगळी नोकरी गॅसच्या लाइनी टाकण्यात गेली. उरण, थळ, दाभोळ, मग घाट चढून वर. सोबतीला सर. सर म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. सगळं गाव त्याला सर म्हणतं म्हणून मीही म्हणतो, पण पुढे अरे-तुरेच.

निमित्त असं की डच आणि जर्मन, दोघांनीही अख्ख्या देशाला पुरेल असं हायड्रोजनचं, म्हणजे जळताना कार्बन न सोडणाऱ्या वायूचं, लाइनींचं जाळं बांधायला घेतलंय. डचांचं सुमारे १,२०० किलोमीटरचं, जर्मनांचं ९,०४० किलोमीटरचं. त्यातला मोठा हिस्सा नवा नाही, नैसर्गिक वायूच्या जुन्याच लाइनी आहेत. डचांच्या आराखड्यात जवळपास ८५ टक्के, जर्मनांच्या ६० टक्के. पेन्शनीत निघालेल्या लाइनीला दुसरी नोकरी लागतेय म्हटल्यावर मला जाणं भाग होतं. सरांचं म्हणणं, "गिऱ्हाईक नाही, माल नाही आणि हे आधी रस्ता बांधतायत. बघायलाच हवं."

सोमवार, रॉटरडॅम

व्हिसा, विमान, सगळं सुरळीत. मुक्काम भाचीकडे. तिच्या पाच वर्षांच्या लेकाने आल्याआल्या विचारलं, "आजोबा, तुम्ही पाइप बघायला आलात? पण पाइप तर जमिनीत असतो." या प्रश्नाला पुढचा आठवडाभर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरंच आहे. लाइन बघायला जाणं म्हणजे कुंपणं, व्हॉल्व्ह स्टेशनं आणि मार्करचे खांब बघत फिरणं.

संध्याकाळी भाची सुरीनामी रोटी खायला घेऊन गेली. १८७३ पासून आपल्याकडचे, बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशातले मजूर सुरीनामला नेले गेले. १९७५ ला तो देश स्वतंत्र झाला, त्याच्या आगेमागे त्यांचे हजारो वंशज नेदरलँड्सला आले. रोटीच्या आत पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं सारण, सोबत कोंबडी, बटाटा, चवळीच्या लांब शेंगा, उकडलेलं अंडं. गल्ल्यावरच्या बाई भोजपुरीच्या जवळचं काहीतरी बोलत होत्या. सरांनी हिंदीत विचारलं, "अंडे के बिना मिलेगा?" त्यांनी अंड्याच्या जागी दुप्पट शेंगा वाढल्या आणि पैसे तेवढेच लावले. रॉटरडॅमला गेलात तर पहिलं जेवण हेच करा. डचांचं दुपारचं जेवण म्हणजे पाव-चीज, ते पुढे रोज आहेच.

मंगळवार, मासव्लाक्ते

जावयाने सुट्टी टाकली म्हणून निभावलं. रॉटरडॅम बंदराचं पश्चिम टोक शहरापासून चाळीसेक किलोमीटर, आणि गाडी हाताशी नसेल तर तिथे फिरणं कठीण. दुसरं मासव्लाक्ते ही समुद्रात वाळू टाकून केलेली जमीन, २०१३ साली पुरी झाली. वारा असा की सरांची टोपी गेली ती गेलीच.

इथेच शेलचा हायड्रोजन प्रकल्प उभा राहतोय, २०० मेगावॉटचा. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज आणायची, पाण्याचं विघटन करायचं, दिवसाला साठ टनांपर्यंत हायड्रोजन काढायचा आणि तो तीसेक किलोमीटर लाइनीने पेर्निसच्या रिफायनरीत न्यायचा. ही लाइन म्हणजे राष्ट्रीय जाळ्याचा पहिला तुकडा. २७ ऑक्टोबर २०२३ ला राजे विलेम-अलेक्झांडर यांच्या हस्ते कामाला सुरुवात झाली. आम्ही गेलो तेव्हा लाइनीत वायू सुटलेला नव्हता.

२०२५ च्या मार्चमध्ये उघडलेलं पोर्टलान्टिस नावाचं माहिती केंद्र बघा. बाहेरून लाल जिना थेट गच्चीपर्यंत जातो आणि वरून कंटेनरच्या क्रेनपासून वाळूच्या टेकड्यांपर्यंत सगळं दिसतं. पण खरी गंमत खाली किनाऱ्यावर. ही वाळू उत्तर समुद्राच्या तळातून उपसलेली, आणि हिमयुगात तो तळ कोरडा होता. त्यामुळे इथे फिरणाऱ्यांना मॅमथची हाडं आणि दात सापडतात. एक आजी नातवासोबत वाकून वाकून शोधत होत्या. त्यांनी आम्हाला पिशवीतला हाडाचा काळपट तुकडा दाखवला. सर हायड्रोजन विसरून तासभर वाळू उपसत बसला. त्याला शिंपले मिळाले.

दुपारी खाण्याच्या गाडीवर किबलिंग घेतलं, म्हणजे पिठात बुडवून तळलेले माशाचे तुकडे. शेजारी नारिंगी जाकिटातला एक पोलिश वेल्डर उभा होता. मी लाइनीवरचा माणूस हे कळल्यावर तो खुलला. म्हणाला, इथे जॉइंटची रेडिओग्राफी, म्हणजे एक्स-रे, पास झाली म्हणून सुटका नाही, वेल्डचा कडकपणाही मोजतात. ते बरोबरच आहे. हायड्रोजनचे अणू पोलादात शिरतात आणि त्याची लवचीकता कमी करतात. दाब वरखाली होत राहिला की बारीक भेग लवकर वाढते, आणि वेल्ड जितका कडक तितका धोका जास्त. आपल्याला नोकरीभर शिकवलं गेलं की जास्त ताकदीचं पोलाद चांगलं, भिंत पातळ ठेवता येते, स्टील वाचतं. हायड्रोजनला मात्र जुनं, मऊ, कमी ताकदीचं पोलाद जास्त मानवतं. साठ-सत्तरच्या दशकातल्या लाइनी आज कामाला येतायत त्याचं एक कारण हे.

सरांनी लगेच वही काढली. "ऊर्जेचं सांग. घनमीटरला मिथेनच्या तिसरा हिस्सा. म्हणजे तिप्पट वायू ढकलायचा." खरंय. पण हायड्रोजन हलका असल्याने त्याच लाइनीतून खूप वेगाने जातो, त्यामुळे वहनात तितकी घट येत नाही. खरी अडचण वायू दाबून पुढे ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरची. नैसर्गिक वायूचे फिरत्या पात्यांचे कॉम्प्रेसर इतक्या हलक्या वायूपुढे थकतात, म्हणून बरेचसे बदलावे लागतात. पाइप तोच, पण व्हॉल्व्हची सिलं, मीटर आणि कॉम्प्रेसर नवे.

बुधवार, झेलँडच्या वाटेवर

आज मला जे बघायचं होतं ते जावयाला शेवटपर्यंत समजलं नाही. रॉटरडॅमजवळून बेल्जियमच्या सीमेपर्यंत डचांनी सत्तरच्या दशकात फक्त पाइपलाइनींसाठी एक पट्टा राखून ठेवला. सत्तर किलोमीटर लांब, शंभर मीटर रुंद. दिसायला काय, तर गवत. मधूनच मार्कर, कुठे मेंढ्या. मी गाडी थांबवायला लावून फोटो काढले.

ज्याने कोकणात लाइनीसाठी जमीन मिळवली आहे त्यालाच त्या गवताची किंमत कळेल. १९६२ च्या कायद्याने जमीन शेतकऱ्याचीच राहते, आपण वापरहक्क घेतो, ज्याला साइटवर सगळे आरओयू म्हणतात. कागदावर सोपं. प्रत्यक्षात आंब्याची कलमं मोजायची, सातबाऱ्यावरचे बावीस वारस शोधायचे, त्यातले चार मुंबईत आणि एक दुबईत. लाइन टाकायला आठवडा लागतो, तिथवर पोचायला वर्षं. आणि इथे पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलं की पुढे काय जाईल ते माहीत नाही, पण जागा सोडून ठेवू. माझ्या मते हायड्रोजनच्या सगळ्या गोष्टीत हे शहाणपण सर्वांत मोठं आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

पण डचांचंही सगळीकडे असं जमलेलं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने बांधकामांना नायट्रोजन प्रदूषणाच्या नियमांतून मिळणारी सूट रद्द केली आणि मोठ्या कामांचे परवाने रखडले. रॉटरडॅमहून जर्मनीकडे जायच्या मोठ्या पट्ट्याची तारीख कित्येक वर्षं पुढे ढकलली गेलीय. राष्ट्रीय जाळ्याचा दीड अब्ज युरोंचा अंदाज ३.८ अब्जांवर गेला. आपल्याकडचीच बातमी वाचतोय असं वाटलं.

पुढे बोगद्यातून झेलँड प्रांतातल्या टेर्नोझनला गेलो. इथली बारा किलोमीटरची गॅसलाइन २०१८ च्या नोव्हेंबरात हायड्रोजनवर आणली गेली, देशातली अशी पहिलीच. डाऊच्या कारखान्यात इतर रसायनं करताना हायड्रोजन सुटतो, तो कालव्याकाठच्या यारा खत कारखान्याला अमोनियासाठी जातो. विकणारा आणि घेणारा शेजारीशेजारी, मध्ये रिकामी लाइन. असं जुळलं की काम चटकन होतं. आमच्या थळच्या खत कारखान्यात हायड्रोजन एकाच कुंपणात तयार होतो आणि तिथेच संपतो, त्यामुळे लाइनीची गरजच पडत नाही. आपल्या हरित हायड्रोजन मोहिमेचे १९,७४४ कोटी २०२३ च्या जानेवारीत मंजूर झाले. सुरुवात अशाच कुंपणांपासून करावी असं माझं मत.

झेलँडची बोलस नावाची मिठाई खा. दालचिनी आणि काळ्या साखरेत लोळवलेला पावाचा वेढा. बोटं चिकट होतात, ओला रुमाल जवळ असू द्या.

गुरुवार, ग्रोनिंगन

आगगाडीने अडीच तासांवर उत्तर टोक. डचांची सरकारी गॅस कंपनी खासुनी हिचं मुख्यालय इथे. एकही भिंत सरळ नसलेली ती इमारत लोक 'माकडांचा खडक' म्हणून ओळखतात. हायड्रोजनचं जाळं बांधणारी कंपनी याच घरातली. आत जायची सोय नाही, समोरच्या बागेतून बघा. रेल्वे स्थानकापासून चालत जाता येतं.

इथला खास खाऊ म्हणजे आयरबाल. उकडलेल्या अंड्याभोवती मसालेदार लगदा, वरून चुरा, आणि तळलेलं. अंड्याचा बटाटेवडाच म्हणा. भिंतीतल्या काचेच्या कप्प्यातून कार्ड टेकवून घ्यायचा. मी दोन खाल्ले. सरांनी मोहरीचं सूप घेतलं आणि ते नारळाच्या सोलकढीपेक्षा कमी प्रतीचं आहे हे तीनदा सांगितलं, जसं काही मी भांडतच होतो.

शुक्रवार, स्लोख्तरन

१९५९ साली इथल्या एका शेतात गॅस लागला आणि देश श्रीमंत झाला. त्या गॅसमध्ये सुमारे १४ टक्के नायट्रोजन होता, म्हणून त्याची उष्णता कमी. बाहेरचा जास्त उष्णतेचा गॅस त्यात मिसळून चालेना. मग दोन स्वतंत्र जाळी उभी राहिली, कितीतरी ठिकाणी शेजारीशेजारी. हाच तो योगायोग, ज्यावर सगळं उभं आहे. ग्रोनिंगनचा गॅस आटत गेला तशी जोडीतली एक लाइन मोकळी झाली. गिऱ्हाइकांचा गॅस न तोडता तिच्यात हायड्रोजन घालता येतो. सर हे ऐकून पहिल्यांदा गप्प झाला.

महामार्गाजवळ मिथेनच्या रेणूचं भलंमोठं शिल्प आहे. एक कार्बन, चार हायड्रोजन. "बघ," सर म्हणाला, "हायड्रोजन इथून कधीपासून जातोय. आता फक्त कार्बन काढायचा."

उतरलो होतो एका शेतघरात. घरमालकीण सत्तरीच्या. कॉफी देताना त्यांनी भिंतीवरची भेग दाखवली, नंतर दुसरी. जमिनीतून गॅस काढल्याने थर दबले आणि भूकंप सुरू झाले. १६ ऑगस्ट २०१२ ला हौझिंगे गावात ३.६ तीव्रतेचा धक्का बसला, तो सर्वांत मोठा. आकडा ऐकून कोयनेकाठचा माणूस हसेल. पण इथे केंद्र जमिनीखाली तीनच किलोमीटरवर आणि घरं मऊ मातीवर बांधलेली विटांची. कितीतरी घरांना बाहेरून लाकडी टेकू आहेत. संसदेच्या चौकशी समितीने २०२३ च्या फेब्रुवारीत सांगितलं की इथल्या लोकांच्या हिताकडे वर्षानुवर्षं काणाडोळा झाला. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरला उपसा थांबला आणि २०२४ मध्ये कायद्याने कायमचा बंद झाला.

मी त्यांना सांगितलं की आम्ही पुढे झाउडवेंडिंगला चाललोय. तिथे मिठाच्या थरात, किलोमीटरभर खोल, पाण्याने मीठ विरघळवून केलेल्या पोकळ्यांत हायड्रोजन साठवायची योजना आहे. वारा पडला की वीज नाही, वीज नाही तर हायड्रोजन नाही, म्हणून साठा हवाच. मीठ घट्ट असतं, गळत नाही. मी हे सगळं समजावून सांगितलं, सांगतात तसं. बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "आम्हाला १९५९ लाही असंच समजावलं होतं. तेव्हा मी शाळेत होते." मग त्यांनी सरांना अजून कॉफी वाढली. मी काही बोललो नाही.

झाउडवेंडिंगला बघायला काय, तर कुंपण, पाइप, बटाट्याची शेतं आणि पाऊस. छत्री निरुपयोगी, वारा उलटी करतो. पावसाळी जाकीट न्याच.

शनिवार, लिंगेन

जर्मनीची सीमा ओलांडायला रेल्वे आणि बस अशी कसरत करावी लागली. वेनरजवळचा रेल्वेपूल २०१५ च्या डिसेंबरात जहाज आदळून मोडला, आम्ही गेलो तेव्हाही मधला टप्पा बसनेच होता. त्यात पुढची गाडी चुकली. स्थानकावर एक शाळकरी मुलगी भेटली, तिने आम्हाला फलाट शोधून दिला आणि वर सरांशी अणूच्या रचनेवर दहा मिनिटं बोलली. जोडणीच्या गाड्यांमध्ये तासभर तरी मोकळा ठेवा.

लिंगेनचं अणुवीज केंद्र १५ एप्रिल २०२३ ला बंद झालं. त्याच गावात आरडब्ल्यूई ही वीज कंपनी ३०० मेगावॉटचा हायड्रोजन प्रकल्प टप्प्याटप्प्याने बांधतेय. इथून जुन्या-नव्या लाइनी रूरच्या उद्योगपट्ट्याकडे जातात. २०२५ च्या मार्चमध्ये करार झाला की २०३० पासून पंधरा वर्षं, दरसाल ३०,००० टन हायड्रोजन इथून सहाशे किलोमीटर लाइनीने लॉयना रिफायनरीत जाईल. सरांना मी ती बातमी दाखवली. "हे घे, गिऱ्हाईक."

मे म्हणजे पांढऱ्या शतावरीचा हंगाम. हॉटेलात वेगळं मेन्यूकार्डच असतं. उकडलेले बटाटे आणि वितळलेलं लोणी सोबत. शाकाहाऱ्यांनी "हॅम नको" एवढं सांगावं, पोटभर जेवण होतं.

रविवार-सोमवार, ओबरहाउझेन आणि डुइसबुर्ग

ओबरहाउझेनचा गॅसोमीटर १९२९ चा, ११७ मीटर उंच. पूर्वी यात भट्ट्यांचा गॅस साठवत, आता आत प्रदर्शनं भरतात. आम्ही गेलो तेव्हा समुद्राबद्दलचं होतं. लिफ्टने वर गेलो की सगळं खोरं पायाशी. कोळशापासून काढलेल्या त्या जुन्या शहरी गॅसमध्ये निम्म्याच्या आसपास हायड्रोजनच असे. मुंबईतही कोळशाचा गॅस मिळायचा, लालबागला गॅस कंपनीची गल्ली अजून आहे. म्हणजे आपल्या पणजोबांच्या रस्त्यावरच्या दिव्यातही हायड्रोजन जळत होता. आणि इथल्या रूर खोऱ्यात तर शुद्ध हायड्रोजनची लाइन १९३८ पासून चालू आहे, वाढत वाढत सुमारे २४० किलोमीटर. "अशक्य" म्हणणाऱ्या सरांना मी हे मुद्दाम वर नेऊन सांगितलं.

संध्याकाळी डुइसबुर्गचं लँडशाफ्टपार्क. १९८५ ला बंद पडलेला लोखंडाचा कारखाना तसाच ठेवून भोवती बाग केलीय. प्रवेश फुकट, भट्टीवर चढता येतं, गॅसच्या जुन्या टाकीत पाणी भरून लोक बुड्या मारायला शिकतात. शनिवार-रविवारी रात्री रोषणाई असते, तेव्हाच जा.

सोमवारी मार्क्सलो. हा तुर्कांचा मोहल्ला. रस्ताभर लग्नाच्या पोशाखांची दुकानं आणि मागे थिसेनक्रुप या पोलाद कंपनीच्या चालू भट्ट्या. चहाच्या टपरीवर एक निवृत्त पोलाद कामगार भेटले. तुर्की चहा छोट्या पेल्यात येतो, दोन खडे साखर. मी म्हटलं, दगडी कोळशाच्या कोकऐवजी हायड्रोजन वापरणारी नवी भट्टी येतेय ना? ते म्हणाले, "बांधकाम दिसतं. हायड्रोजन महाग आहे म्हणतात. माझा मुलगा आत आहे, त्याला विचारलं तर म्हणतो, बाबा, आधी नोकरी." कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ११,००० नोकऱ्या कमी किंवा वेगळ्या करायचं जाहीर केलं. हायड्रोजन खरेदीची निविदा २०२५ च्या मार्चमध्ये थांबवली, कारण भाव अपेक्षेपेक्षा फार वर आले.

बस थांब्यावर सरांनी हिशेब मागितला. मी सांगितला. जर्मन जाळ्याला २२ ऑक्टोबर २०२४ ला मंजुरी मिळाली. खर्च १८.९ अब्ज युरो, २०३२ पर्यंत पुरं करायचं. सुरुवातीच्या मोजक्या गिऱ्हाइकांवर सगळा खर्च टाकला तर कुणीच येणार नाही. म्हणून देशभर एकच कमी भाडं ठरवलं आणि तूट एका खात्यात जमा करायची. त्यासाठी सरकारी बँकेचं २४ अब्जांचं कर्ज. २०५५ पर्यंत भाड्यातून फिटलं तर ठीक, नाही तर तुटीचे २४ टक्के लाइनवाल्या कंपन्यांचे, उरलेले सरकारचे.

"म्हणजे त्या चहावाल्या काकांच्या नातवाचे," सर म्हणाला.

"लाइन नसेल तर त्या नातवाला भट्टीच नाही."

"आणि लाइन असून हायड्रोजनच आला नाही तर?"

त्यावर माझ्याकडे एवढंच होतं की पुरलेली लाइन चाळीस-पन्नास वर्षं जागेवर राहते आणि ग्रोनिंगनच्या लाइनी टाकणाऱ्यांनी हायड्रोजनचा विचारही केला नव्हता. सरांना ते पटलं नाही. विमानतळापर्यंत आम्ही भांडत होतो. परतीचं विमान ड्युसेलडॉर्फहून घेतलं तर पुन्हा नेदरलँड्सला जावं लागत नाही, डुइसबुर्गहून गाडीने वीसेक मिनिटं. आणि गॅसोमीटर सहसा सोमवारी बंद असतो, रविवारीच उरकून घ्या.